ले माय, सोड माय

“रडा, सिस्टर, रडा! मेली म्हणून रडा! हे काय कुजबुजल्यासारखं?”

भर दुपारी धुळ्यात, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, दवाखान्याच्या व्हरांड्यात मॅडम माझ्यावर ओरडत होत्या. आणि मी, रीतसर नर्सिंग शिकलेली, पांढऱ्या गणवेशातली बाई, कापडदुकानातल्या एका पुतळीसाठी गळा काढत होते. समोर एक केळीवाला उकिडवा बसलेला. त्याच्या हातांना मॅडमनी मुद्दाम एरंडेल चोळलेलं. पुतळीच्या तोंडावर रबरी मास्क, मास्कला हवेची पिशवी. मी जितकी जोरात रडायचे तितका तो जास्त घाबरायचा आणि स्टोव्हला पंप मारावा तशी पिशवी दाबायचा. शेवटी गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या खरंच कोणी गेलं असं समजून आल्या आणि माझ्या पाठीवर हात फिरवत विचारायला लागल्या, “कोन व्हती वं माय तुनी?”

मॅडम त्यांना सोडतात होय! एकीच्या हातात लगेच पिशवी दिली आणि म्हणाल्या, “आजी, बरं झालं आलात. हिला श्वास द्या.”

म्हातारीने पुतळीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “दवाखानामा बठ्ठा येडा शेत का?”

आता तुम्हीच सांगा, सगळे वेडे आहेत का म्हटल्यावर काय उत्तर देणार!

मॅडम भूलतज्ज्ञ होत्या. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता तो. तेव्हा लहानसहान दवाखान्यांना स्वतःचा भूलतज्ज्ञ परवडत नसे. एकच डॉक्टर पत्र्याची पेटी गाडीत टाकून गावोगाव फिरायचा, कुठे सिझेरियन, कुठे अपेंडिक्स. आमच्या मॅडम धुळ्यापासून जळगावापर्यंत अशाच फिरायच्या. पन्नाशी उलटलेली, बारीक अंगकाठी, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट! पोरं हसायची. मॅडम म्हणायच्या, “हसू देत. मला पळावं लागतं.” आणि खरंच पळायच्या. चालताना त्यांना मी पाहिल्याचं आठवतच नाही.

बोलायच्या कमी, ओरडायच्या जास्त. सर्जन बडबडायला लागला की स्वतःचा श्वास रोखून घड्याळाकडे बघत बसायच्या. तो विचारायचा, “मॅडम, काय करताय?” तर म्हणायच्या, “तुमचं संपेपर्यंत मी जगते का ते बघतेय.” चहा पिताना कप मुद्दाम उलट्या बाजूने पुढे करायच्या आणि माणूस तो कसा पकडतो हे टक लावून बघायच्या. कुणाच्या लक्षात आलं तर भांडण, नाही आलं तर मॅडम खूश.

पण हे सगळं खूळ कशासाठी होतं, ते आधी सांगते.

आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला माणसं जमिनीवर झोपतात, आणि पावसाळ्यात मण्यार घरात येते. तिचा दंश कळतसुद्धा नाही. मुंगी चावल्यासारखा. सकाळी पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि मग हळूहळू छाती हलायची थांबते. नाडी चालू असते, आत माणूस जागा असतो, फक्त श्वास बंद. त्याला कोणी श्वास देत राहिलं आणि मोठ्या दवाखान्यात आणलं, तर औषधाला वेळ मिळतो आणि माणूस उठून घरी जातो. नाही दिला, तर रस्त्यातच संपतो. शिरपूरच्या पलीकडून आणलेली एक पोरगी मॅडमनी स्वतः जीपमधून उतरवली होती. अंग अजून गरम होतं. तिच्यासोबत गाडीभर नातेवाईक होते, धडधाकट, आणि पायाशी एका दवाखान्याने दिलेली श्वासाची पिशवीसुद्धा होती. वापरायची कशी हेच कुणाला कळलं नव्हतं. तिचा बाप ती पिशवी मॅडमच्या हातात देऊन म्हणाला होता, “ही तुमनी वस्तू. जशीच्या तशी शे.”

तेव्हापासून मॅडमच्या डोक्यात एकच. ही पिशवी अशी पाहिजे की आयुष्यात कधी न पाहिलेल्या, घाबरलेल्या, घामेजल्या हातांच्या माणसालाही वापरता आली पाहिजे. कुणी डॉक्टर म्हणाला, “लोक अडाणी आहेत हो,” तर म्हणायच्या, “तुझी आई गाडीत निळी पडलीय असं समज आणि घे हातात. बघू किती शहाणा आहेस!” एका मोठ्या डॉक्टरने खरंच घेतली. मास्क उलटा लावला. मी हसू दाबता दाबता बेजार झाले.

पुतळीचं नाव सोनी. दुकानदाराने फेकून दिलेली, कमरेपर्यंतच. सुताराकडून तिचं तोंड कोरून घेतलं, छातीत फुटबॉलचा ब्लॅडर बसवला, वर साडी. पिशवी नीट दाबली, मास्क नीट बसला, की सोनीची छाती वर यायची. हवा कडेने सुटली की ढिम्म. सोनीला घेऊन आम्ही कुठे गेलो नाही ते विचारा! एकदा मॅडमची गाडी बिघडली म्हणून एसटीने निघालो, तर कंडक्टर अडून बसला. हिचं तिकीट काढा. मॅडमही इरेला पेटल्या, “ही अर्धी आहे, अर्धं तिकीट द्या!” आणि घेतलं की हो अर्धं तिकीट. वर पुढच्या स्टॉपपर्यंत कंडक्टरलाच श्वास द्यायला बसवलं, आणि तो तिकिटं फाडायची विसरला.

परीक्षेचा नियम एकच. सांगायचं नाही, बघायचं. कोणी कितीही चुको, तोंडातून शब्द काढायचा नाही. इथे माझा जीव जायचा. समोरचा माणूस मास्क कपाळावर लावतोय आणि मी गप्प! एकदा न राहवून मी “अहो, खाली, खाली!” म्हणाले, तर मॅडमनी मला व्हरांड्याबाहेर काढलं. “तुम्ही प्रत्येक जीपमध्ये बसून जाणार आहात का, सिस्टर?”

आणि गंमत म्हणजे चुका ज्यांनी केल्या त्यांच्यातूनच उत्तरंही आली. बहुतेक जण घाईने दाबायचे, हे एक. बाजारातल्या एका कांदेवालीने मात्र सोनीला असा संथ श्वास दिला की बघत राहावं. दाबताना म्हणायची “ले माय”, सोडताना म्हणायची “सोड माय”. लेकराला भरवतात ना, तसं. मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले आणि भर बाजारात फुगडीच घातली. तेव्हापासून पिशवी देताना एवढं मात्र सांगायचं, “ले माय, सोड माय” म्हणत दाबा.

दुसरी भानगड उलट्या मास्कची. त्याचा उलगडा आमच्या भडगावला, माझ्या मामेबहिणीच्या लग्नात झाला. मी मॅडमना रीत म्हणून बोलावलं होतं, आणि त्या सोनीला घेऊन आल्या! विहारात वंदना झाली, लग्न लागलं, पंगती उठायला लागल्या आणि मांडवाच्या कोपऱ्यात गर्दी. माझी आई संतापली, “लग्नघरात मेल्याचं सोंग? ही बाई आहे का कोण आहे!” मॅडम शांतपणे म्हणाल्या, “अक्का, तुम्ही पण या. तुमचा नंबर मामांच्या मागे.” आणि काय सांगू, आई रांगेत! मामाने मास्क उलटा लावला, काकूने उलटा लावला, आईनेही उलटा लावला आणि वर माझ्याशीच भांडली. मास्कचं निमुळतं टोक नाकावर यायला हवं, पण ते बघणाऱ्याला कळणार कसं? नवरी हे सगळं पाटावर बसून बघत होती. ती उठली, स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली, मास्कच्या निमुळत्या टोकावर चिकटवली आणि म्हणाली, “आता कळेल ना कपाळ कुठे ते?”

अहो, मॅडमनी नवरीला असं कवटाळलं की हार तुटला! मांडवात टाळ्या पडल्या. त्यानंतर एकानेही मास्क उलटा लावला नाही. परत येताना मॅडम गाडीत स्वतःशीच हसत होत्या आणि मधेच स्टिअरिंगवर थाप मारत होत्या. “टिकली! सिस्टर, टिकली!”

एवढं झाल्यावर त्यांना वाटलं, जमलं. आता पिशवी गावात ठेवायची. शिरपूरच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी एक गाव होतं. तिथे एकाच घरी जीप होती. घरातल्या थोरल्याला सगळे नाना म्हणायचे. पंचेचाळिशीचा, पैलवानी अंगाचा, कमी बोलणारा. घरात त्याची म्हातारी आई, आणि धाकट्या भावाची बायको. तो धाकटा भाऊ सुरतेला कामाला, सणासुदीलाच यायचा. गावात कुणाला काही झालं की नानाच जीपमधून न्यायचा, म्हणून मॅडमनी त्याला निवडलं.

अंगणात सोनीला निजवलं. गाव जमलं. मी रडायला लागले, आता सरावाने बरी रडायचे. आणि नानाने पिशवी हातात घेतली. टिकली वर, एका हाताने मास्क पक्का, दुसऱ्या हाताने “ले माय… सोड माय…”. सोनीची छाती संथ वरखाली. धुळे-जळगावात इतकं सुरेख कुणी केलं नव्हतं. मॅडमचे डोळे लकाकले. आनंदाच्या भरात त्यांनी दारात उभ्या असलेल्या धाकट्या सुनेला हात धरून ओढून आणलं. “ये गं, तू झोप इथे. नाना, आता जिवंत माणसाला नुसता मास्क लावून दाखवा.”

सुनेने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि तिथेच गोठली. नानाने पिशवी खाली ठेवली आणि पाठ फिरवून तो सरळ गोठ्याकडे निघून गेला.

“काय झालं?” मॅडम गोंधळल्या.

म्हातारी म्हणाली, “बाई, तो जेठ शे तिना.”

जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याने धाकट्या भावजयीला शिवायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिने त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. एका घरात वर्षानुवर्षं राहायचं आणि एकमेकांचा चेहरा बघायचा नाही. आमच्या लोकांत असलं काही नव्हतं. मला ती रीत तेव्हा पटली नव्हती, आजही पटत नाही. पण मॅडम! मॅडम गोठ्यापर्यंत धावत गेल्या. “अहो, जीव जात असेल तेव्हासुद्धा?”

नाना बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मान वर न करता म्हणाला, “बाई, तुमी सांगशात ते खरं. पन मी तिले हात लावाव नही. आनि मी लावा तं ती माले माफ कराव नही.”

परतीच्या वाटेवर मॅडमनी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो शिरपूर ओलांडेपर्यंत थांबला नाही. नरडाण्याजवळ चाकात हवा भरायला थांबलो. पंक्चरवाला सावलीत खाटेवर बसलेला, तिथूनच त्याने यंत्र चालू केलं आणि लांब नळी टाकली. नळीचं टोक चाकाला, हवा तिकडे, आणि हा इकडे निवांत बिडी ओढतोय.

मॅडम गाडीतून अशा उतरल्या की दार उघडंच राहिलं. “सिस्टर! बघा! व्हॉल्व्ह तिकडे, हवा इकडे! अगं बाई गं! नळी! नळी लावायची!”

पंक्चरवाला घाबरून उभा राहिला. मॅडमनी त्याचीसुद्धा परीक्षा घेतली, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवसापासून व्हरांड्यात नवी धामधूम. मास्क आणि व्हॉल्व्ह पेशंटच्या तोंडाशी, पिशवी तीन हात लांब नळीच्या टोकाला. एका बाईने दोन्ही हातांनी मास्क धरायचा, दुसऱ्याने लांब बसून नुसतं दाबायचं. आणि काय चमत्कार! दोन हातांनी धरलेला मास्क इतका घट्ट बसायचा की हवा सुटेचना. केळीवाला, कांदेवाली, त्या दोन म्हाताऱ्या, सगळ्यांच्या हाती सोनी श्वास घ्यायला लागली. मॅडम आनंदाने व्हरांड्याच्या पायऱ्या चढउतर करत होत्या. “एकट्याने करायचं हे ठरवलं कुणी? इतकी वर्षं आपण सगळ्यांना एकट्याने करायला लावत होतो!” एवढं होऊनही शेवटी म्हणाल्याच, “रीत मात्र मूर्खपणाचीच आहे.”

नळी लावलेली पिशवी नानाच्या घरी पोचली.

त्या भाद्रपदात, दुपारची गोष्ट. मी ओपीडीत पट्टी बांधत होते आणि फाटकातून हॉर्न वाजवत एक जीप आत शिरली. ड्रायव्हर अनोळखी होता. मागे पाहिलं आणि माझ्या हातातली पट्टी गळून पडली. खाली गोधडीवर धाकटी सून. डोळे मिटलेले, हातपाय सैल, केस मोकळे. तिच्या उशाशी म्हातारी, दोन्ही हातांनी मास्क धरलेला, टिकली वर. आणि नाना जीपच्या मागच्या टोकाला, सुनेकडे पाठ करून, बाहेर तोंड करून बसलेला. नळी त्याच्या खांद्यावरून मागून आलेली, पिशवी त्याच्या मांडीवर. आवाज पार बसलेला, पण म्हणत होता, “ले माय… सोड माय…” सदरा घामाने पिळून निघालेला. दवाखाना आला हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं, तो दाबतच होता.

मॅडम पळत आल्या. मग जीपमध्ये चढल्या, मनगट हातात घेतलं आणि इतक्या जोरात ओरडल्या की अख्खा दवाखाना बाहेर आला, “नाडी आहे! सिस्टर, नाडी आहे!”

मी रडले. या खेपेला कुणी सांगावं लागलं नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते आम्हालाच ठाऊक. मण्यारीच्या विषावरची औषधं, नळीतून श्वास, पाळीपाळीने जागरण. नाना व्हरांड्याच्या टोकाला भिंतीला टेकून बसायचा, खोलीच्या दारापर्यंतही यायचा नाही. मी गेले की नुसती मान वर करायचा. मी म्हणायचे, “आहे.” तो मान खाली घालायचा. मग एके सकाळी तिच्या पापण्या हलल्या. मग बोटं. मग श्वास तिचा तिने घेतला आणि मॅडमनी तिच्या घशातली नळी काढली.

आता मॅडमचं काय सांगू! दिवाळीच्या पहाटे पोरं फटाक्यांसाठी धडपडतात, तशी त्यांची गत. आजवर श्वास देणाऱ्या शेकडो लोकांना विचारलं होतं, कुठे अडलं, काय जड गेलं. पण घेणाऱ्याला? सोनी काही बोलणारी नव्हती. आणि ही तर सगळा वेळ आतून जागी होती! मी म्हटलं, “मॅडम, तिला घोटभर पाणी तरी पिऊ द्या.” पाणी पाजलं, आणि मॅडम पलंगावर बसून सुरूच. मास्क टोचला का? हवा जास्त यायची का? पोट फुगलं का?

ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, “हवा बरी ये. बठ्ठं ऐकू ये माले.” मग म्हणाली, “नाना मनासंगे पहिलांदाच बोलनात. माले माय म्हनेत.”

“आणि सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “मना डोकावरना पदर पडेल व्हता. नाना तठेच. माले बठ्ठं समजे, पन हात हाले ना.”

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. “अगं वेडे, नानांनी एकदाही मान वळवली नाही. सगळा रस्ता तुझ्याकडे पाठ करून बसले होते.”

ती हुंदके देत म्हणाली, “त्यास्ले जेवाले सांगा. उपाशी असतीन.”

मॅडम तडक व्हरांड्यात गेल्या, मी मागोमाग. नानाला सांगितलं, बोलली ती, तुमच्या जेवणाची काळजी करतेय. नानाने उपरण्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिला. आणि मॅडम त्या मॅडमच! त्याच्यासमोर फरशीवर बसल्या आणि विचारलं, “नाना, पिशवीत काय चुकतंय? कुठे अडलं?”

नाना विचार करून म्हणाला, “पिशवी चांगली शे. पन माले तिनी छाती दिखे नही ना. मी दाबू, तं माय मांगून सांगे, ‘उनी’. म्हनजे हवा गयी मधमा. नरडाणापावत मायना आवाज बसी गया. रडी रडी. मंग माले काहीच समजे ना, ती शे का गयी.”

“अहो, मग एकदा तरी वळून बघायचं! अशा वेळी कसली रीत?”

“रीत नही, बाई.” त्याने आपले दोन्ही तळवे उघडून बघितले. अजून सुजलेले होते. “मी वळतू, आनि ती गयेल ऱ्हाती, तं मना हात थांबी जाता. म्हनीसन देखं नही.”

मॅडमनी त्याचा सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग डोळे पुसत म्हणाल्या, “चला, उठा. आता तरी दारातून बघून घ्या. जिवंत आहे ती.”

नाना एकदम दचकला, उपरणं सावरत भिंतीला आणखीच चिकटला.

“आते? आते कसं देखू, बाई? आते ती जागी शे!”